टॉनिकने भीती जात नाही

“डॉक्टर, भूक लागायचं चांगलं टॉनिक द्या.” लालबाग-परळ भागात दवाखाना चालवताना हे वाक्य मी सतत ऐकतो. बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. तीन-चार वर्षांचं मूल आज भाजी नाकारतं, उद्या वरणभात. पण खेळतं, वाढतं. अशा मुलाला औषध नको, मोठ्यांना थोडा धीर हवा.

काही मुलांचं मात्र वेगळं असतं. नऊ वर्षांच्या एका मुलीच्या घशात चिक्की खाताना तुकडा अडकला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). तो निघाला, रडणं थांबलं आणि घरचे विसरून गेले. ती विसरली नाही. आधी चिक्की सुटली, मग चपाती, मग भात. शेवटी दूध आणि वरणाचं पाणी एवढंच उरलं. आजी म्हणाल्या, “लाडावलीय. उपाशी ठेवा, आपोआप खाईल.” आणि मी टॉनिक लिहून दिलं. दोन महिन्यांनी वजन केलं, तर ते तीन किलोंनी उतरलं होतं.

चूक माझी होती. ‘खात का नाहीस?’ हे मी तिला प्रत्येक वेळी विचारलं. ‘खाल्लंस तर काय होईल असं वाटतं?’ हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा ती हळूच म्हणाली, “अडकेल आणि मी मरेन.”

हा हट्ट नव्हे, आजार आहे. २०१३ मध्ये डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या वर्गीकरणात त्याला ‘एआरएफआयडी’ असं नाव मिळालं. यात मूल बारीक होण्यासाठी जेवण टाळत नाही. कुणाला गुदमरण्याची किंवा उलटीची भीती असते, कुणाला पदार्थाचा वास, स्पर्श सहन होत नाही, कुणाला खाण्यात रसच नसतो. भीती वाटली की तोंड कोरडं पडतं, घसा आवळल्यासारखा होतो, पोटात ढवळतं. म्हणजे घास खरोखरच जड जातो, ते नाटक नसतं. आणि घास टाळला की लगेच हायसं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी भीती आणखी वाढते.

अशा मुलाचे आईवडील या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरत राहतात. कान-नाक-घसा, पोटविकार, मग एंडोस्कोपी. मध्ये कुणी नजरही काढतं. “रिपोर्ट नॉर्मल आहेत” एवढं ऐकून घरी येतात. मानसोपचाराचं नाव काढलं की घर गप्प होतं: “आमची मुलगी वेडी नाही हो.” खरं तर उपचार दूर नाहीत. परळला आचार्य दोंदे मार्गावर लहान मुलांचं वाडिया रुग्णालय आहे आणि तिथेच केईएम, जिथे मानसोपचार विभाग आहे. मुलांच्या मनाच्या तक्रारींसाठी चाइल्ड गाइडन्स क्लिनिक याच मुंबईत १९३७ मध्ये सुरू झालं होतं. ही काही परदेशातून काल आलेली फॅशन नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मानसोपचार हा शेवटचा उपाय ठेवू नये. बालरोगतज्ज्ञांनी वजन, उंची, रक्त तपासावं, गिळण्याचा किंवा पोटाचा आजार नाही याची खात्री करावी. आणि त्याच आठवड्यात मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवावं. सगळ्या कागदांचा धागा एका डॉक्टरने हातात ठेवावा. ते काम आम्हा फॅमिली डॉक्टरांचं आहे, आणि आम्ही ते टाळतो.

उपचार म्हणजे भीतीच्या पायऱ्या चढणं. आधी पदार्थ ताटात नुसता ठेवायचा, मग हात लावायचा, वास घ्यायचा, जिभेला लावायचा, मग कणभर घास. सोबत आहारतज्ज्ञ वजन सांभाळतात. चिंता फार असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात. घरी जबरदस्ती, मार, लाच, “बघ, ताई कशी खाते” हे सगळं बंद. जेवण ठरलेल्या वेळी, सगळ्यांनी एकत्र, आणि ताटावर चर्चा नको.

वजन उतरत असेल, चक्कर येत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा मूल पाणीही नाकारत असेल, तर थांबू नका. थेट रुग्णालयात न्या. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला घरी एकदम भरपूर खायला घालणंही धोक्याचं असतं. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे.

त्या मुलीला मऊ भातापर्यंत यायला दीड महिना लागला, चपातीपर्यंत पाच महिने. चिक्की ती अजून खात नाही. न खाऊ दे. परवा शाळेतून डबा रिकामा आला, हे सांगायला आजी स्वतः दवाखान्यात आल्या होत्या.