हृदयाला छिद्र अन् मेंदूत पू : शाळेतल्या तपासणीची चिठ्ठी दप्तरात ठेवू नका

पौड : ताप, डोकेदुखी, उलटी. भात लावणीच्या दिवसांत हे घरोघरी असतं, कुणी मनावर घेत नाही. पण ज्या लेकराच्या हृदयात जन्मतः दोष आहे, त्याला हाच ताप मेंदूत पू झाल्यामुळं आलेला असू शकतो. हृदयाचा अन् मेंदूचा काय संबंध, असं कुणीही विचारील.

संबंध रक्ताच्या वाटेचा आहे. दात-हिरड्यांतून थोडेफार जंतू रोजच रक्तात शिरतात. अंगभर फिरून आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूनं फुफ्फुसात जातं. तिथल्या बारीक नळ्यांत जंतू अडकतात, पाटाच्या तोंडाला लावलेल्या जाळीत कचरा अडकतो तसे. काही जन्मजात दोषांत, मुख्यतः टेट्रालॉजी ऑफ फॅलो या आजारात, थोडं रक्त फुफ्फुसात न जाता सरळ शरीरात अन् मेंदूकडं जातं. अशा पोरांचे ओठ, नखं निळसर दिसतात. पळाली की दमून उकिडवी बसतात.

प्रत्येक छिद्रात असं होत नाही, घाबरू नका. मोठ्या माणसांतही साधारण चौघांत एकाला हृदयाच्या वरच्या कप्प्यांमध्ये जन्मापासूनची बारीक फट उरलेली असते, बहुतेकांना ती कधीच त्रास देत नाही. पण मेंदूत पू झाला अन् कारणच सापडेना, तर डॉक्टर आता ही फटही शोधतात. शिरेतून बुडबुडे मिसळलेलं सलाईन सोडून इको करतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा अन् शाळेत एकदा येतं. हृदयाच्या शस्त्रक्रियेला महात्मा फुले योजनाही आहे. अडतं ते घरात. चिठ्ठी दप्तरातच राहते. मुलगी असली तर 'पुढं लग्नाला अडचण' म्हणून तोंडच उघडत नाहीत. हे मी आमच्याच गावात ऐकलंय, अन् मला ते अजिबात पटत नाही.

असं लेकरू घरात असेल तर दातांची कीड अंगावर काढू नका. ताप अन् डोकेदुखी एकत्र आली, झटका आला, हात-पाय लुळा पडला किंवा पोरगं सुस्तावलं, तर त्याच दिवशी निघा. ताम्हिणीकडच्या वाड्यांनी तर रात्र उजाडायची वाट बघू नये, 108 ला फोन लावावा. डॉक्टरांना आधी हृदयाचं सांगा, मग तापाचं. इकोचा कागद सोबत घ्या.