पडवीतले आमिष

‘बिबट्या वस्तीत शिरला’ हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा छापले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे आता कोणालाच वाटत नाही. शिरतो तो चोर. ज्याला बोलावलेले नाही, ज्याचे काही देणेघेणे नाही, तो शिरतो. बिबट्या असा शिरत नाही. आपण त्याला बोलावतो, रोज रात्री त्याच्यापुढे ताट वाढतो, आणि तो जेवावयास बसला म्हणजे पिंजऱ्यासाठी अर्ज करतो. मला येथे एवढेच सांगावयाचे आहे. ते पुष्कळांना आवडणार नाही, हे मी जाणून आहे.

रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावी मी राहतो. हे गाव आता पुरते गाव राहिलेले नाही आणि शहरही झालेले नाही. जवळच धाटावची कारखानदारी, एका बाजूला कुंडलिका, आणि मान वर केली की डोंगराच्या सोंडा. काल जेथे भाताची खाचरे होती तेथे आज तीन-तीन मजल्यांच्या इमारती आहेत, आणि त्यांच्या संरक्षक भिंतीला लागून उरलेले खाचर अजून पिकते आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला मी माझ्या कुत्र्याला फिरावयास नेतो. या फेऱ्यांत आम्हां दोघांना जे भेटते त्याची यादी मोठी आहे. बांधावरून धावणारे मुंगूस, सावरीच्या बुंध्याशी ऊन खाणारी घोरपड, कौलांवरून उतरणारे उदमांजर, पावसाळ्यात पायवाटेवरच वेटोळे करून बसलेले फुरसे, आश्विनात भात पिकले की रात्री खाचर उकरून गेलेले रानडुक्कर, आणि उजाडता उजाडता आमच्याकडे एकवार पाहून निर्विकारपणे झुडपात जाणारा कोल्हा.

यातले एकही जनावर ‘जंगलातून’ आलेले नाही. कोल्ह्याचे घर बांधावरच्या झुडपातच असते. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण ज्याने रचली त्याला हे पक्के ठाऊक होते. काकडीचे वेल जंगलात नव्हे, परड्यात असतात. म्हणजे आपली भाषा ज्या जनावराला शेजारी म्हणून ओळखते त्याला सोसायटीच्या सभेत आपण घुसखोर ठरवितो. गाव वाढत वाढत कोल्ह्याच्या दारापर्यंत गेले, आणि कोल्हा दारात दिसला म्हणून ओरड गावानेच केली! हा कुठला न्याय?

परंतु कोल्ह्याच्या नावाने कोणी अर्ज करीत नाही. अर्ज होतो तो बिबट्याच्या नावाने. दर हिवाळ्यात कोठे तरी ठसे दिसल्याची आवई उठते. ठसा कुत्र्याचा की तरसाचा, हे पाहण्याची कोणाला सवड नसते. मग कोणी तरी कागद घेऊन दारी येतो आणि म्हणतो, “गुरुजी, सही करा. पिंजरा लावून घेऊ.” मी विचारतो, “तो कशासाठी येतो हे लिहिले आहे का यात?” तर तो माझ्याकडे असे पाहतो की जणू मी बिबट्याचे वकीलपत्र घेतले आहे.

तो कशासाठी येतो हे आता गूढ राहिलेले नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षे बिबट्यांचा अभ्यास केला. उसाच्या आणि भाजीपाल्याच्या त्या मुलखात माणसांची दाट वस्ती आहे. तरी दर शंभर चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास बिबटे आणि जवळजवळ तितकीच तरसे तेथे नांदत असल्याचे त्यांना आढळले. २०१४ मध्ये त्यांचा आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला. बिबट्यांच्या विष्ठेतले केस तपासून ते काय खातात याचा त्यात हिशेब मांडला होता. त्यांच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा निघाला तो कुत्र्यांचा, ३९ टक्के. त्याखालोखाल मांजरे १५ टक्के. शेळ्या केवळ ११ टक्के. आणि त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती!

या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. शेळी मऊ, गरीब, दात नसल्यासारखी. आणि संख्येने सातपट. तरी बिबट्याच्या पोटात कुत्रा अधिक. असे का? कारण शेळी ही पोट भरणाऱ्याची मिळकत आहे. धनगर, ठाकर, कुणबी, कोणीही असो, सूर्य कलला की तो शेळी आत घेतो आणि दाराला अडसर घालतो. कुत्रा मात्र बाहेर राहतो. तो कोणाची मिळकत नाही, किंवा असला तर त्याने बाहेरच राहावे अशी मालकाची इच्छा आहे. राखणीसाठी!

ही राखण म्हणजे काय ते आता स्पष्ट बोलावयास हवे. शेजारच्या मुरूड-रोहे तालुक्यांत जे फणसाड अभयारण्य १९८६ मध्ये झाले ते पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबांचे शिकारीचे रान. शिकारीच्या त्या जुन्या दिवसांत बिबट्याला मचाणाखाली आणावयाचे तर एकच उपाय असे: झाडाखाली बोकड बांधावयाचा, आणि बोकड न मिळाला तर कुत्रा. कुत्रा रात्रभर ओरडे आणि बिबट्या हमखास येई. आज आम्ही काय करतो? पडवीत खांबाला साखळीने कुत्रा बांधतो, स्वतः दार लावून आत निजतो आणि त्याला म्हणतो, भुंक! शिकारी निदान मचाणावर जागा तरी असे. आणि या कुत्र्याचे नाव आपण हौसेने ठेवतो ‘वाघ्या’. ‘वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. या पडवीत खाणारा आणि खाल्ला जाणारा यांची नावेही एकच झाली आहेत.

हे झाले मालक असलेल्या कुत्र्याचे. ज्याला मालक नाही त्याची कथा याहून लांब आहे. कोंबडीच्या दुकानामागे टाकलेली पिसे आणि आतडी, लग्नाच्या मंडपामागे ओतलेला भात, पुलाच्या कठड्यावरून भिरकावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, हे सारे आपण टाकतो. त्यावर कुत्री पोसली जातात, पिले होतात, टोळी वाढते. त्या टोळीमागोमाग बिबट्या येतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाचा अंदाज असा की, तेथले पस्तीसेक बिबटे वर्षाकाठी सुमारे १५०० कुत्री खातात. मग कोणी विनोदाने म्हणेल, महापालिकेचे काम बिबटे फुकट करीत आहेत, बिघडले कोठे? बिघडले ते हेच. कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस हे काम माणसाचे. ते आपण केले नाही म्हणून एका जनावराने करावे आणि वर त्यालाच गुन्हेगार ठरवावे, याला विनोद म्हणणे मला जमत नाही.

आता पिंजऱ्याकडे वळू. पिंजऱ्याविषयी लोकांची समजूत अशी की उंदीर धरून ओढ्यापलीकडे सोडावा तसे हे काम आहे. जुन्नरच्या लोकांना विचारा. २००१ ते २००३ या काळात त्या भागातले बिबटे मोठ्या संख्येने पकडण्यात आले. त्यांपैकी २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. परिणाम काय झाला? त्यापूर्वी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. त्या काळात ते सतरावर गेले. याचे कारण समजावयास फार शास्त्र नको. प्रौढ बिबट्याचा मुलूख ठरलेला असतो. तेथल्या गोठ्यांच्या, वाटांच्या, माणसांच्या वेळा त्याला पाठ असतात आणि त्या चुकवून तो जगतो. त्याला उचलून परक्या रानात टाकले की त्याला काहीच ठाऊक नसते, आणि तो परतीची वाट शोधू लागतो. इकडे रिकाम्या झालेल्या जागी दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी, येऊन बसतो. ताट तसेच वाढलेले असते ना! आणि जे सोडले जात नाहीत ते जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील केंद्रासारख्या ठिकाणी गजांआड आयुष्य काढतात. किती गज बांधणार आहोत आपण?

येथे मला कोणी तरी थांबवील आणि म्हणेल, “गुरुजी, तुमचे मूल गेले असते म्हणजे कळले असते.” हा आक्षेप पोकळ नाही आणि मी तो टाळणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत अवघ्या काही आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्धा प्राणास मुकली. त्या आयांपुढे टक्केवारी वाचून दाखविणारा माणूस निर्दय म्हटला पाहिजे. जो बिबट्या माणसे मारू लागला त्याला पकडावे, आणि पकडता येत नसेल तर ठार मारावे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही मुख्य वन्यजीव रक्षकाला, कारणे लेखी नोंदवून, तशी परवानगी देण्याचा अधिकार देतो. माझा वाद या कायद्याशी नाही. माझा वाद आहे तो दिसलेला बिबट्या आणि माणसे मारणारा बिबट्या यांत फरक न करणाऱ्यांशी. भुतदयेच्या नावाखाली ‘माणसानेच आपले बिऱ्हाड हलवावे’ असे शहरातून सांगणाऱ्यांशीही तो तितकाच आहे. त्यांनी आधी आपले हलवून दाखवावे.

आणि मरते कोण, हेही एकदा विचारू. अर्ज घेऊन येणाऱ्याच्या खिडकीला जाळी आहे, फाटकाला कडी आहे, घरातच शौचालय आहे. त्याचा कुत्रा पडवीत भुंकतो, त्याचा कचरा पुलाखाली कुजतो, आणि त्या वासावर व त्या भुंकण्यावर आलेले जनावर समोर ठाकते ते डोंगराकडच्या वाडीतल्या कातकऱ्याच्या पोराला. त्याच्या झोपडीला कुडाची भिंत आणि दाराच्या जागी पोते. माझ्यासारख्याच्या वर्गात बसणारी कितीतरी मुले अशा वाड्यांवरून चालत येतात. हिवाळ्यात घरी पोचेपर्यंत त्यांना अंधार गाठतो. वाटेवर दिवा नाही. ताट वाढावयाचे एकाने आणि किंमत द्यावयाची दुसऱ्याने! सारी चीड मला आहे ती याची.

ज्यांच्या झोपड्यांना दारे नाहीत त्यांनी या जनावराबरोबर राहण्याची एक रीत घातली आहे. आपण वसुबारसेला गाईवासराची पूजा करतो त्याच दिवशी अकोल्याचे महादेव कोळी आणि इतर आदिवासी वाघबारस पाळतात. ठाणे-पालघरकडच्या वारल्यांच्या वाघोबाची ठाणी गावोगाव आहेत. त्यात भाबडेपणा आहे असे मी मानीत नाही. वाघोबाला नैवेद्य दाखविणारा माणूस रात्री शेळी आत घेतो आणि अंधारात बोलत बोलत चालतो. भीती आहे, मान आहे आणि सावधगिरीही आहे. आपण यांपैकी भीती तेवढी ठेवली.

सावधगिरी म्हणजे तरी काय मोठे? अमेरिकेत शिकागो शहराच्या परिसरात कोल्ह्याच्या जातीचे कायोटी नावाचे जनावर मोठ्या संख्येने राहते. २००० सालापासून तेथे त्यांचा अभ्यास चालू आहे. कुत्रे पाळणाऱ्यांना तेथेही हेच सांगतात की साखळी सोडू नका आणि खाणे बाहेर ठेवू नका. आपल्याकडे संध्याकाळी शेतात नेऊन कुत्रा मोकळा सोडणे ही हौस समजली जाते. मोकळा कुत्रा सशाच्या, भेकराच्या मागे लागतो. रानडुक्कर उठले तर शेपूट घालून धन्याकडे पळत येतो आणि पाठोपाठ डुक्करही येते! म्हणून कुत्रा फिरवावा तो आखूड साखळीने, हातात विजेरी घेऊन, अंधार पडण्याआधी आणि चांगले उजाडल्यानंतर. गवतात त्याचे नाक खुपसू देऊ नये. फुरसे नाकालाच डसते. बिबट्या दिसलाच तर पळू नये, वाकू नये, पाठ फिरवू नये; उंच उभे राहून मोठ्याने बोलत मागे सरावे. त्याने कुत्रा उचलला तर मागे धावू नये. आणि रात्री कुत्र्याला घरात घ्यावे. ज्याला घरात घ्यावयाचा नाही त्याने कुत्रा पाळूच नये. घंटा वाजविणारे यंत्र बाजारात मिळते.

बाकीचे काम गावाचे आहे. अर्जावर सही करावयास मी आजही तयार आहे. मात्र त्यात पहिले कलम असे असावे की कोंबडीच्या दुकानांचा आणि मंडपांचा कचरा त्याच दिवशी पुरला जाईल. दुसरे, गावातल्या प्रत्येक कुत्र्याची नसबंदी होईल आणि त्याला रेबीजची लस मिळेल. तिसरे, वाडीच्या वाटेवर दिवे लागतील आणि वाडीतल्या प्रत्येक झोपडीला लाकडी दार मिळेल. चौथे, रात्री पडवीत कुत्रा बांधणाऱ्याला दंड होईल. ही चार कलमे एक वर्ष पाळून पाहू. त्यानंतरही जर बिबट्या येऊन आमच्या माणसांवर उठला, तर पिंजऱ्याच्या अर्जावर पहिली सही माझी असेल.