मापात पाप

फेब्रुवारीत नाशिकरोडला नेहरूनगरात बाळ येशूची यात्रा भरते. बाहेरगावच्या गाड्या येतात, मेणबत्त्यांचे ठेले लागतात आणि रांगेत कपाळभर कुंकू लावलेल्या बायाही नवस फेडायला उभ्या असतात. अशाच एका यात्रेत चहाच्या टपरीवर दोन मते कानांवर पडली. एक गृहस्थ सांगत होते, कॅथलिक चर्चएवढा दानधर्म जगात दुसरा कोणी करत नाही, आकडे बघा. दुसऱ्यांनी ग्लास खाली ठेवता ठेवता निकाल दिला, "कसला दानधर्म! गळ आहे तो, बाटवायचा." चहा संपला, दोघेही आपापल्या वाटेने गेले. मला मात्र दोघांचा हिशेब खोटा वाटतो. दोघांनीही घरचेच माप आणले होते.

आधी पहिल्यांचे आकडे बघू. व्हॅटिकन दरवर्षी सांख्यिकी ग्रंथ काढते. त्यात जगभरची 5,000हून अधिक रुग्णालये, 14,000च्या आसपास दवाखाने, सुमारे 15,000 वृद्धाश्रम आणि पाचशेच्या घरात कुष्ठसेवा केंद्रे मोजलेली असतात. भारतात 1943 साली स्थापन झालेल्या कॅथलिक हेल्थ असोसिएशनच्या सभासद संस्था साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. आकडे खोटे नाहीत. पण ही दारावरच्या पाट्यांची मोजणी झाली. एका पाटीमागे पाचशे खाटा आणि अतिदक्षता विभाग असतो, दुसरीमागे औषधांचे एक कपाट आणि एक सिस्टर. बेरजेत दोन्ही एकच. आणि आत शिरणाऱ्याने पैसे दिले की नाही, हे तर पाटी सांगतच नाही.

अमेरिकेचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने 2012 साली तिथल्या कॅथलिक चर्चचा आणि त्याच्या संस्थांचा 2010चा वार्षिक खर्च सुमारे 170 अब्ज डॉलर असल्याचा अंदाज मांडला होता. त्यातला 57 टक्के रुग्णालयांवर, 28 टक्के महाविद्यालयांवर आणि राष्ट्रीय पातळीवरच्या धर्मादाय कामावर तीन टक्क्यांहूनही कमी. रुग्णालये बिल घेतात, महाविद्यालये फी घेतात. तिथल्या सर्वांत मोठ्या कॅथलिक धर्मादाय संस्थेच्या पैशांतला सुमारे 62 टक्के भाग सरकारी तिजोरीतून आला होता. म्हणजे पंगतीला वाढपी चर्चचा, शिधा बराचसा सरकारचा. वाढणे हेही कामच आहे, पण वाढप्याला यजमान म्हणायचे का?

आपल्याकडेही तेच. नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये पोराला घालणारा बाप जूनमध्ये फी भरतो. त्याला कोणी दान दिले म्हटले तर तो हसेल. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाचा अल्पसंख्याक शाळांवरचा 2021चा अहवाल मला दोन्ही बाजूंच्या लोकांनी दाखवला आहे. ख्रिस्ती शाळांतले सुमारे 74 टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत, हे चर्चचे अभिमानी सांगतात. अल्पसंख्याक शाळांतले जेमतेम पावणेनऊ टक्के विद्यार्थी सामाजिक-आर्थिक दुर्बल घटकांतले आहेत, हे विरोधक सांगतात. कागद एकच, पान मात्र प्रत्येकाने आपले उघडलेले. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांच्या बंधनातून मोकळे केले. जी जागा कायद्याने सोडावी लागत नाही, ती स्वतःहून किती शाळांनी सोडली, हा खरा दानाचा आकडा. तो कोणी छापत नाही.

इथपर्यंत वाचून टपरीवरचे दुसरे गृहस्थ खूश झाले असतील. त्यांनी थोडे थांबावे, कारण पाट्या मोजणारा हिशेब फुगवतो तसा बुडवतोही. सातपुड्याच्या पायथ्याला दवाखान्यात उभा जन्म काढणाऱ्या सिस्टरचा पगार कुठल्या वहीत लिहायचा? तिने घेतलेल्या व्रतामुळे तिची मिळकत तिची नसतेच, ती तिच्या संघाची. बाजारभावाने परिचारिकेचा पगार चाळीस वर्षांनी गुणला की जी रक्कम येते, ती या देशातल्या कित्येक नामवंत देणगीदारांना लाजवेल. संस्था गुपचूप ती रक्कम खर्चातून वाचलेली धरते आणि दानाच्या बाजूला शून्य लिहिते. हे कसब म्हणावे की भाबडेपणा, मला ठरवता येत नाही.

आता गळाची गोष्ट. नाशिकात मिशन म्हटले की शरणपूर आठवते, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई आठवतात. 1854चे शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीचे, म्हणजे अँग्लिकनांचे. टिळकही कॅथलिक नव्हते. एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर मांडायची आपली सवय जुनी आहे. कॅथलिकांचे या भागातले काम मुख्यतः जेज्वीट फादरांचे. 1876-78च्या दुष्काळानंतर ते राहुरी तालुक्यात केंदळ-वळणकडे आले. तेव्हा धर्मांतरे झाली, आणि झालेल्यांत बहुतेक महार-मांग समाजाची माणसे होती. पोटाची आग हे कारण होते का? होते. पण ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याला बाकावर शेजारी बसवणे हेही कारण होते. भाकरीसाठी धर्म सोडला म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांनी, भाकरी द्यायला आपले कोण गेले होते, हेही त्याच दमात सांगावे.

चर्चचे वकील इथे एक हुकमी पान टाकतात: 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती अवघे 0.96 टक्के, पावणेअकरा लाखांच्या आसपास. दीडशे वर्षे गळ टाकून एवढेच मासे? युक्तिवाद चटपटीत आहे आणि मी तो पूर्वी स्वतः वापरला आहे. आता वापरत नाही. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शीख आणि बौद्ध झालेल्यांसाठी ती अट पुढे सैल झाली, ख्रिस्ती झालेल्यांसाठी नाही. तेव्हा रविवारी मिस्साला जाणारा माणूस कागदावर काय लिहितो, यावर जनगणनेचा आकडा ठरतो. गळ टाकणारे अपयशी ठरले म्हणून निर्दोष, हा बचावही काही भूषणावह नाही.

मग मोजायचे कसे? माझे म्हणणे असे की देणाऱ्याच्या दाराशी न मोजता घेणाऱ्याच्या शिवारात मोजावे, आणि तेही देणारा उठून गेल्यावर.

त्यासाठी संगमनेर तालुक्यातली दरेवाडी बघा. नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा होऊन 1987 साली झाला. नाशिक, नगर (आताचे अहिल्यानगर), धुळे, जळगाव, नंदुरबार हे पाच जिल्हे त्यात येतात. त्यातला नगर जिल्हा म्हणजे पर्जन्यछाया आणि टँकर. स्वित्झर्लंडहून आलेले जेज्वीट फादर हर्मन बाखर यांनी तिथे आधी दुष्काळी विहिरी, मग सोशल सेंटर आणि पुढे पाणलोटाचे काम उभे केले. त्यांच्या आग्रहातून 1990च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आला आणि 1993 साली 'वॉटर' (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था उभी राहिली. दरेवाडीत 1996 ते 2001 या काळात समतल चर, माती-नाला बांध, झाडे झाली. अट कडक होती: गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, कुऱ्हाडबंदी पाळायची, चराईबंदी पाळायची. पूर्वी वर्षातले तीन-चार महिने शेतात मजुरी मिळायची, ती नऊ-दहा महिने मिळू लागली. 2001मध्ये संस्थेने काम गावच्या पाणलोट समितीकडे सोपवले.

या कामाची दुसरी बाजूही त्याच मापाने मोजली पाहिजे. चराईबंदीचा फटका ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांना बसला. मेंढरे घेऊन हिंडणारे धनगर आणि ठाकर यांच्या पायाखालचे गवत बांधाआड गेले. पाणी आधी विहीरवाल्याला भेटले. जे कोणी दरेवाडीची यशोगाथा सांगतात त्यांनी मेंढपाळालाही साक्षीला बोलवावे.

आता हे काम कोणाच्या खात्यावर? पैसा जर्मन करदात्याचा, नाबार्डमार्फत आलेला. संस्था धर्मनिरपेक्ष. कल्पना आणि चिकाटी एका फादरची. घाम गावकऱ्यांचा. व्हॅटिकनच्या तक्त्यात 'बांध' असा रकानाच नाही. धर्मांतराच्या यादीतही याला जागा नाही. समितीत बसणाऱ्याला कोणी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही. थोडक्यात, या धर्मप्रांतातले कॅथलिक प्रेरणेचे मला माहीत असलेले सर्वांत मोठे काम दोन्ही गृहस्थांच्या वहीत कोरेच आहे.

दरेवाडीसारखे रुग्णालयांनाही घेणाऱ्याच्या बाजूने मोजता येते, आणि त्याला नव्या कायद्याचीही गरज नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक नुसार आणि उच्च न्यायालयाच्या 2006च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, बिलाचे 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत ठेवायचे असतात. हा नियम मंदिराच्या ट्रस्टलाही आहे, उद्योगपतीच्या ट्रस्टलाही. त्या किमान रेषेच्या वर किती गेलात, तेवढे दान. रेषेपर्यंतचे ते कायदापालन. परदेशी पैशाचे माप तर केंद्राने 2020मध्ये आवळलेच आहे: प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत, आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतून. आवळण्यामागचा हेतू कसाही असो, पैसा बंद झाल्यावरही जे काम चालू राहते ते मोजायची संधी त्यातून मिळाली आहे.

'निरोप्या' हे कॅथलिकांचे मराठी मासिक 1903 साली याच नगर जिल्ह्यातल्या केंदळमधून निघाले. नाशिक धर्मप्रांताला माझी विनंती आहे: वर्षातून एकदा त्यात चार पाने द्यावीत. कुठली शाळा फीवर चालते, कुठली अनुदानावर. किती मुले बिनफीची. कुठल्या दवाखान्यात किती बिले माफ झाली. किती सिस्टर बिनपगारी राबतात. कुठले काम गावाच्या ताब्यात दिले आणि ते आज उभे आहे की नाही. पडलेले असेल तर पडले असे लिहावे. आणि टपरीवरच्या दुसऱ्या गृहस्थांनी तीच चार पाने आपल्या आवडत्या देवस्थानाच्या विश्वस्तांपुढेही ठेवावीत.