घोरणारी गाय आणि गावतळं

गाय घोरायला लागली की आपल्याकडे पहिलं निदान ठरलेलं: सर्दी. दुसरं, नाकात जळू शिरली. सुया होतात, नेहमीचं जंताचं औषध होतं, घोरणं तसंच. मंडळी, नाकाच्या शिरांत राहणारा कृमीही असतो. १९३३ पासून त्याची शास्त्रात नोंद आहे. नाकात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ होते, श्वास अडतो, दूध घटतं. आयव्हरमेक्टिन इथे कामाचं नाही. आधी डॉक्टरांकडून शेंबूड तपासून घ्या.

पण नुसती गाय बरी करून भागत नाही. पाणी पिताना शेंबडातली अंडी तळ्यात पडतात. त्यातली पिल्लं पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात आणि पुढे पाण्यात उतरलेल्या जनावराच्या कातडीतून आत घुसतात. म्हैस तर दिवसभर डुंबते. ती सहसा घोरत नाही म्हणून तिच्यावर कुणाचा संशय नाही, अंडी मात्र तीही सोडते.

म्हणून जनावरांना पाणी हौदावरच पाजावं, असं माझं ठाम मत. तळ्यात बदकं सोडली तर गोगलगायी कमी होतात, पण हौद आधी. तळ्याच्या सुशोभीकरणाला पैसा निघतो, हौदाला का निघत नाही, हे येत्या ग्रामसभेत विचारणार आहे.