‘तात्पुरत्या’ बंदीची रशियन कहाणी

रशियातील वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि आता इंटरनेट यांची जी गळचेपी झाली आहे, तिच्याविषयी डाव्या चळवळीतील अनेकजण अजूनही संकोचाने बोलतात. हा संकोच सोडला पाहिजे. क्रांतीनंतर काही दिवसांतच, १९१७ मध्ये, बोल्शेविक सरकारने विरोधी वृत्तपत्रे बंद करण्याचा अधिकार स्वतःकडे घेणारा हुकूम काढला. ही बंधने तात्पुरती असून परिस्थिती सुरळीत होताच उठविली जातील, असे त्या हुकुमातच नमूद होते. १९२२ मध्ये सेन्सॉरचे कायम खाते स्थापन झाले आणि सेन्सॉरशिप रद्द करणारा कायदा येण्यास १९९० साल उजाडावे लागले. तात्पुरतेपणाची मुदत त्र्याहत्तर वर्षांची ठरली!

पुढे भांडवलदारांची पाळी आली. त्यांच्या वाहिन्यांनी १९९६ च्या निवडणुकीत येल्त्सिन यांची पाठराखण केली. २००१ मध्ये सरकारच्या प्रभावाखालील गाझप्रोमने ‘एनटीव्ही’ ही खाजगी वाहिनी ताब्यात घेतली. मालक बदलत गेले. बातमीवर वाचकाचा हक्क मात्र कधीच प्रस्थापित झाला नाही.

याची किंमत कोणी मोजली, हे बेस्लानमध्ये दिसले. सप्टेंबर २००४ मध्ये त्या लहान गावातील शाळेत दहशतवाद्यांनी अकराशेहून अधिक माणसे ओलीस धरली. सरकारी माध्यमे आकडा सांगत राहिली ३५४. आपली मुले आत असलेले आईबाप शाळेबाहेर उभे राहून हे खोटे ऐकत होते. तीनशेहून अधिक लोक मेले. त्यांत १८६ मुले होती. त्या भीषण दृश्यांची छायाचित्रे ठळकपणे छापणाऱ्या ‘इझ्वेस्तिया’च्या संपादकांना पद सोडावे लागले.

कर्जत तालुक्यातील वाचकाला हे दूरदेशीचे वाटू नये. जुलै २०१६ मध्ये याच तालुक्यातील कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. तो आक्रोश मोबाइलवरील संदेशांनी राज्यभर पोहोचविला, विधिमंडळात तो उमटला, लाखोंचे मूक मोर्चे निघाले. त्या संदेशांत अफवाही होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अफवेवर उपाय म्हणून साधनच बंद करू लागलो, तर पुढच्या कोपर्डीची हाक मुंबईला ऐकू कशी जाणार?

रशियाने तोच उपाय निवडला. युक्रेनवरील आक्रमणानंतर, मार्च २०२२ मध्ये, सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ देणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत कारावासाचा कायदा झाला. ज्यांच्या संपादकांना आदल्याच वर्षी शांततेचे नोबेल मिळाले होते, त्या ‘नोवाया गाझेता’ला प्रकाशन थांबवावे लागले. २०२५ मध्ये ड्रोनहल्ल्यांचे कारण देऊन प्रांतोप्रांती मोबाइल इंटरनेट वारंवार बंद ठेवण्यात आले. हेही अर्थात तात्पुरतेच!

आपल्या देशात १९७५ ची आणीबाणी एकवीस महिन्यांत संपली, कारण निवडणुकीत जनतेने ती संपविली. पण इंटरनेट थांबविण्याच्या २०१७ च्या आणि त्यानंतरच्या २०२४ च्या नियमांच्या नावातच ‘तात्पुरती’ हा शब्द आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आरक्षण आंदोलन पेटले, तेव्हा शेजारच्या बीड जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले होते. असे प्रत्येक आदेश प्रसिद्ध करावेत आणि बंदी अनिश्चित काळ ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये, काश्मीरच्या प्रकरणात, बजावले आहे. कर्जत-जामखेडच्या कार्यकर्त्यांनी हा निकाल संग्रही ठेवावा. उद्या तालुक्यात मोबाइल मुके झाले तर तहसील कचेरीत जाऊन दोनच गोष्टी लेखी मागाव्यात : आदेशाची प्रत आणि बंदी संपण्याची तारीख.