धुतलेल्या पायांची नम्रता

पवित्र गुरुवारी वेदीसमोर पाय धुऊन घ्यायला बसणारे बारा जण कोण असतात? बहुधा देणगीदार, समितीचे सभासद. घरूनच पाय धुऊन आलेले! ह्याला नम्रता म्हणणे ही आत्मवंचना होय. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१३ साली रोममधील बालबंदिगृहात बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले; त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. २०१६ साली नियम बदलून ह्या विधीत स्त्रियांनाही स्थान दिले गेले. मग आपली यादी मान्यवरांपाशीच का अडते? मोलकरणीला, मजुराला त्या बाकावर प्रथम बसवा. प्रभूने तर यहूदाचेही पाय धुतले. बांधाच्या भांडणातून अबोला धरलेल्या शेजाऱ्याच्या दारी जो जात नाही, त्याची देवप्रीती वेदीपाशीच संपते.