एमसीबी वायरसाठी असतो हो!

परवा पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. गिझर आणि एसी एकदम लावले की त्याच्याकडे एमसीबी पडायचा. आता पडत नाही म्हणून स्वारी खुशीत. काय केलंस, तर म्हणे, "वायरमनने सोळाचा काढून बत्तीसचा टाकला. दहा मिनिटांचं काम!" मी विचारलं, आणि वायर? "वायर तीच, दीडची. चांगली आहे रे, ११०० व्होल्टची, एफआर."

माझं डोकंच फिरलं.

मंडळी, एमसीबी गिझरसाठी नसतो आणि एसीसाठीही नसतो. तो असतो भिंतीतल्या वायरसाठी. तो पडतो तेव्हा सांगत असतो की बाबांनो, ही वायर एवढा करंट नेऊ शकत नाही. आणि आपण काय करतो? सांगणाऱ्याचंच तोंड बंद करतो, वर वायरमनला चहा पाजतो.

त्या "११०० व्होल्ट"चं तर काय सांगावं. हा आकडा वायरच्या प्लॅस्टिकचा आहे, तांब्याचा नाही. किती दाबाला इन्सुलेशन टिकेल एवढंच तो सांगतो. किती अँपिअर नेता येतील याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तेच एफआरचं. पेटल्यावर आग वायरवरून पुढे पसरू नये म्हणून ते असतं, वायर तापू नये म्हणून नव्हे.

आता भावाच्या घरचा हिशोब बघा. ३ किलोवॉटचा गिझर म्हणजे १३ अँपिअर, दीड टनाचा एसी साधारण ८. झाले २१. पाइपातून नेलेली १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर १५ अँपिअरच्या आसपास सुखाने नेते. आता २१ म्हणजे दीडपटही नाही, एवढ्याने काय होतंय, असं वाटेल. पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास दुप्पट! डीबीपासून बाथरूम २० मीटर धरलं तर जाऊन येऊन ४० मीटर वायर, तिचा रोध साधारण अर्धा ओहम. २१ अँपिअरला भिंतीच्या आत दोनशे वॉट नुसती उष्णता. आणि बत्तीसचा एमसीबी बत्तीसला पडतो असंही समजू नका. तो ३६ अँपिअरसुद्धा तासभर निमूटपणे जाऊ देतो. त्यात एकाच पाइपात आणखी चार वायरी कोंबलेल्या असतील आणि नागपूरचा मे महिना असेल, तर वायरची ती १५ची ताकदही राहत नाही.

इथे अमेरिकेत १४ गेजच्या तांब्याच्या वायरवर (आपल्या मापात साधारण २ स्क्वेअर एमएम) १५ अँपिअरपेक्षा मोठा ब्रेकर घरात लावता येत नाही. १२ गेजला २०, १० गेजला ३०. बहुतेक गावांत इन्स्पेक्टर वायरिंग बघून गेल्याशिवाय भिंत बंद करता येत नाही. हे सांगितलं की आपल्याकडचे हुशार लोक म्हणतात, "तुमच्याकडे १२० व्होल्ट, करंट दुप्पट, म्हणून जाड वायर लागते." बरोबर आहे. पण एकदा २१ अँपिअर वाहायला लागले की वायर १२० आहे का २३० हे विचारत बसत नाही, ती सारखीच तापते.

आणि इथले लोक जन्मजात शहाणे आहेत असंही नाही. १९६० च्या दशकात तांबं महागलं तेव्हा यांनी घराघरांत ॲल्युमिनियमच्या वायरी घातल्या. त्यांचे जोड ढिले पडून तापले, आगी लागल्या, तेव्हा अक्कल आली. असो.

आपल्याकडे मात्र टाइल्सची निवड करायला अख्खं कुटुंब चार दुकानं पालथी घालतं, आणि वायर कुठली हे बिल्डरचा माणूस ठरवतो. आणि घासाघीसही नेमकी वायरीतच!

भावाला सांगितलं, गिझरला डीबीपासून वेगळी ४ ची लाइन घे, त्यावर २० चा एमसीबी. जुन्या लाइनवर फक्त एसी ठेव आणि तिथे १० चा लाव. तो ओरडलाच, "सोळाचा पडत होता आणि तू दहाचा सांगतोस?" समजावल्यावर पटलं. पण म्हणाला, बाथरूमच्या टाइल्स गेल्याच महिन्यात बसवल्यात, फोडायच्या कशा? मी म्हटलं, फोडू नकोस, वरून केसिंग-कॅपिंग करून घे.

ते वाईट दिसेल म्हणून वहिनीचा विरोध आहे. तोवर गिझर चालू असताना एसी लावायचा नाही आणि बत्तीसचा आजच काढायचा, एवढं वचन घेतलंय.